दहाव्या घराच्या अलीकडे

आमच्या मॅडमना कुणी काहीही सांगितलं की त्या आधी विचारायच्या, "कसं कळलं?"

उशिरा आलेल्या मुलाने "मॅडम, बस चुकली" म्हटलं तरी "कसं कळलं?" बस आलीच नसेल, लवकर गेली असेल, तुझं घड्याळ मागे असेल, चुकली हे कशावरून? कॅन्टीनवाला म्हणाला, "चहा आत्ताच केलाय," की त्यालाही तेच. तो बिचारा पातेल्याचं झाकण काढून दाखवायचा. विभागप्रमुख जागेवर नाहीत असं शिपायाने सांगितलं, तर हा प्रश्न ऐकून तो मुकाट्याने केबिनमध्ये डोकावून यायचा. एकदा ते आत सापडले. तेव्हापासून शिपाई मॅडमना मानायला लागला आणि विभागप्रमुख जरा जपून राहायला लागले.

मी त्यांच्या वर्गात कसा पोचलो, हे सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. मी जेऊरकडचा, उजनीच्या पाण्याकाठच्या गावातला. बारावीला मी गावात पहिला आलो होतो. गावातून किती जण बसले होते हे मी सहसा सांगत नसे. सोलापुरात विद्यापीठाच्या माळावर प्रवेश घ्यायला आलो तो जूनमधला दिवस, ऊन असं की डांबराला चप्पल चिकटत होती. हॉलमध्ये विषयवार टेबलं मांडली होती. इतिहासाच्या टेबलावरचा पंखा बंद होता, अर्थशास्त्राच्या टेबलावरचा चालू होता. आज लोक मला अर्थशास्त्राचा माणूस म्हणतात. माझ्या सगळ्या विद्वत्तेच्या मुळाशी तो पंखा आहे.

आमच्या विद्यापीठात पद्धत अशी की ज्यांचं संशोधन चालू आहे, बाहेरच्या नियतकालिकांत ज्यांचे लेख येतात, त्यांनी एम.ए. आणि पीएच.डी.ची मुलं बघायची. बी.ए.च्या पोरांना तासिका तत्त्वावरचे सर नोट्स द्यायचे. ते नोट्स देत, आम्ही झेरॉक्स काढत असू, आणि दोन्ही बाजूंना समाधान असे. मॅडमनी मात्र बी.ए.चा वर्ग स्वतः मागून घेतला होता. सहकाऱ्यांना वाटलं, बाईंनी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. आम्हाला वाटलं, धोंडा आमच्या पायावर पडला. कारण त्या नोट्स देत नसत.

दिसायला त्या कुठल्याही शाळेतल्या बाईंसारख्या. सुती साडी, किरकोळ बांधा, आणि खांद्यावर टॉवेल. हा टॉवेल अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला. तिथल्या यंत्रमागांवर त्यांचं एक जुनं संशोधन होतं, आणि ज्या कारखान्यात जातील तिथून त्या एक टॉवेल घेऊन यायच्या. त्या टॉवेलने त्या फळा पुसत, घाम पुसत, उन्हात तो डोक्यावर घेत आणि प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे त्यात बांधत. वर्षभराने तो टॉवेल कशाचा होता हे ओळखू येत नसे, मग दुसरा येई.

फळ्यावर मात्र एक कोपरा कधीच पुसला जात नसे. तिथे त्या एक प्रश्न लिहून ठेवत आणि खाली लिहीत, "पुसू नये. सुटलेला नाही." आमच्या खोलीत मराठीचे तासही होत. त्या सरांना कविता लिहायला फळा पुरायचा नाही. त्यांनी तक्रार केली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सर, तुमची कविता पूर्ण झालेली आहे, माझं अजून व्हायचंय." सरांना हा कवितेचा मान वाटला की अपमान, ते शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पण तक्रार त्यांनी मागे घेतली.

एकदा त्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "आज माझी धिंड आहे, नीट बसा." मग त्यांनी मोबाइल काढला आणि एका नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवताना परीक्षकांनी काय काय लिहिलं होतं, ते मराठीत करून, आवाज बदलून वाचून दाखवलं. एक परीक्षक खडूस, नाकात बोलणारा. दुसरा गोड, पण शेवटच्या वाक्यात गळा कापणारा. विधान मोघम आहे, पुरावा तोकडा आहे, लेखिकेने मूळ प्रश्न टाळला आहे. आम्ही आधी हसलो आणि मग गप्प झालो. एवढी मोठी बाई नापास होते, आणि ते स्वतः येऊन सांगते? माझा तेव्हा पहिल्या सत्रातला सांख्यिकीचा पेपर राहिला होता. मला मॅडमबद्दल त्या क्षणी जी आपुलकी वाटली, ती नापासाला नापासाबद्दल वाटते तीच होती.

"आता सांगा," त्या म्हणाल्या, "यातलं कुणाचं बरोबर आहे? माझं की त्यांचं?"

आम्हाला आजवर कुणी असं विचारलंच नव्हतं. शेवटी मी, गावात पहिला आलेला, उठून म्हणालो, "मॅडम, तुमचंच बरोबर आहे."

"कसं कळलं?"

मी खाली बसलो. खाली बसणं हे मला त्या वर्गात चांगलं जमायला लागलं होतं.

त्या आम्हाला अक्कलकोट रोडला घेऊन गेल्या ती गोष्टही अशीच. पुस्तकात लिहिलं होतं, किंमत पडली की उत्पादन कमी होतं. त्या वर्षी टॉवेलचा भाव पडला होता आणि माग मात्र धडाधड चालू होते. मॅडमना स्वतःला ते कोडं होतं. आम्ही मागांच्या आवाजात ओरडून ओरडून प्रश्न विचारले. एका मालकाने सांगितलं, माग थांबवला तर कामगार दुसरीकडे जातो. दुसरा म्हणाला, व्यापारी तुटतो. तिसऱ्याने आधी एक कारण सांगितलं, मग भावाशी तेलुगूत बोलून वेगळंच सांगितलं. तीन मालक आणि चार उत्तरं घेऊन आम्ही परतलो. मॅडम बसमध्ये लहान मुलीसारख्या खूश होत्या. मी परीक्षेत पुरवठ्याच्या प्रश्नाला ही चारही उत्तरं सविस्तर लिहिली. पेपर बाहेरच्या परीक्षकाने तपासला आणि मला इतके कमी गुण दिले की मी पेपरची प्रत घेऊन मॅडमकडे धावलो. त्यांनी सगळं वाचलं.

"उत्तर चांगलं आहे," त्या म्हणाल्या, "पण प्रश्न हा नव्हता."

आता मुख्य प्रकरण.

धरणाच्या फुगवट्याचं पाणी हिवाळ्यात आमच्या बांधाला टेकलेलं असतं. उन्हाळा लागला की ते मागे मागे सरकतं, आणि मोटार, पाइप, केबल घेऊन माणसं चिखल तुडवत त्याच्या मागे जातात. एकट्याला ते झेपत नाही, म्हणून चार-पाच घरं मिळून मोटारीची भागी करतात. पाणी जवळ असतं तोवर सगळ्या भागी गुण्यागोविंदाने चालतात. पाणी लांब गेलं की काही टिकतात आणि काही मोडतात. कुठल्या टिकतात, हा मॅडमचा प्रश्न होता. कित्येक वर्षं खपून त्यांनी उत्तर काढलं होतं: ज्यांच्या जमिनी साधारण सारख्या, त्यांची भागी टिकते. एका मोठ्या नियतकालिकाने तो लेख स्वीकारला होता. त्या लेखावर मॅडमची बढती अवलंबून होती, मुलाखत तोंडावर आली होती, आणि पुढे निवृत्तीपर्यंत अशी संधी पुन्हा येणार नव्हती. हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. लेख छापायला जाण्याआधी आणखी काही गावांची माहिती जोडायची होती. मॅडमनी त्या कामाला आम्हाला, दुसऱ्या वर्षाच्या पोरांना घेतलं.

"एम.ए.ची मुलं आहेत की," विभागप्रमुख म्हणाले.

"एम.ए.च्या मुलांना उत्तर माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "ती तेच घेऊन येतील."

मला माझंच गाव मिळालं. आमचं गाव धरणात गेल्यावर वर माळावर नव्याने वसलेलं, गल्ल्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ. नियम सोपा होता. मारुतीच्या देवळापासून निघायचं आणि दर दहाव्या घरात जायचं. मी गळ्यात ओळखपत्र अडकवून निघालो. गावाने मला असं पहिल्यांदाच पाहिलं होतं. मी परतलो तेव्हा माझ्या फॉर्मांचा गठ्ठा सगळ्यांत जाड होता आणि माझी माहिती मॅडमच्या उत्तराशी तंतोतंत जुळत होती. विभागप्रमुखांनी माझी पाठ थोपटली. आपल्यात संशोधक दडलेला आहे, असं मला हॉस्टेलच्या आरशात दिसायला लागलं.

मॅडमची एक रीत होती. आकडे बघण्याआधी त्या प्रत्येकाला फळ्यावर आपला रस्ता काढायला लावत. कुठून निघालास, कुठे वळलास, कुठे बसलास. माझी पाळी आली. मी मन लावून देऊळ काढलं, गल्ल्या काढल्या, घरं काढली आणि कुणाला कळावं म्हणून घरांवर नावंही घातली. आत्या. थोरले चुलते. मधले चुलते. मामांचे साडू. वहिनींचं माहेर. पुन्हा आत्या, कारण जेवायला तिथेच थांबलो होतो.

वर्ग हसायला लागला. मला वाटलं, देऊळ वाकडं आलंय.

"अरे," मॅडमनी विचारलं, "दहावं घर कुठंय?"

"इथं आहे, मॅडम." मी बोट ठेवलं.

"तिथे गेला नाहीस."

"दहाव्याच्या अलीकडे आत्याचं घर लागतं, मॅडम. ती दारातच बसलेली असती. तिच्या दारावरून चहा न घेता पुढं जाता येत नाही."

"गेला असतास तर?"

"तर पुन्हा तिच्या दारात जाता आलं नसतं."

"आणि हे बाकीचे?"

"आत्याकडं चहा घेतला आणि चुलत्यांकडं नाही, असं कसं चालंल?"

आता हसून हसून लोक बाकांवर पडले होते. मॅडम हसत नव्हत्या. त्यांनी टॉवेलने हात पुसले, माझ्या नकाशासमोर उभ्या राहिल्या आणि मग हळूच पहिल्या बाकावर मुलींच्या शेजारी जाऊन बसल्या.

"माझी आधीची सगळी माहिती कुणी गोळा केली, सांगू?" त्या म्हणाल्या. "त्या त्या गावातल्या शिकलेल्या मुलांनी. त्यांना गाव माहीत असतं म्हणून मी मुद्दाम तीच निवडली होती. त्यांनाही आत्या असणार."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. भाऊबंदांच्या जमिनी सारख्या असतातच, कारण त्या एकाच आजोबाच्या जमिनीचे वाटे असतात. मी आणि माझ्यासारखे सगळे भावकीच्या नाहीतर नात्यातल्याच घरांत फिरलो. मग त्या घरांची भागी टिकली ती जमिनी सारख्या म्हणून, की रक्ताचं नातं म्हणून?

"मला वाटत होतं, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मला माहीत नाही."

त्या उठल्या, फळ्याच्या कोपऱ्यातला जुना प्रश्न पुसला आणि हा लिहिला. खाली लिहिलं, पुसू नये. त्याच दुपारी त्यांनी लेख मागे घेतला.

विभागप्रमुख त्यांच्या खोलीत आले तेव्हा आम्ही दोघं-तिघं दाराशीच होतो. मॅडम दार कधी लावत नसत. सर वाईट माणूस नव्हते, मनापासून कळवळून बोलत होते. "मॅडम, एका पोराने चहा प्यायला म्हणून एवढं काम बुडवायचं? छापून येऊ द्या. मुलाखत होऊ द्या. पुढच्या लेखात दुरुस्ती करा, सगळे तेच करतात."

"सर, तसं केलं तर उद्यापासून या मुलांना मी कुठल्या तोंडाने विचारू, कसं कळलं म्हणून?"

"बी.ए.ची मुलं आहेत हो ती. नोट्स द्या."

मॅडम टॉवेलची घडी घालत बसल्या.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. एका बाईंची उभी हयात मी चहात बुडवली होती, आणि वर दोनदा साखर मागितली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मॅडम, माझ्यामुळं सगळं गेलं."

"कसं कळलं?" त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "आत्याचा चहा चांगला असतो का?"

"लई चांगला असतो, मॅडम."

"मग थांबलास ते बरोबर केलंस. आता उन्हाळ्यात परत जाऊ. मी पण येते."

त्या उन्हाळ्यात मॅडम खरंच आमच्या गावी आल्या. शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी घरांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या केल्या, टॉवेलमध्ये बांधल्या, खळखळून हलवल्या आणि आम्हाला एकेक काढायला लावली. ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्याच घरी जायचं, दुसरीकडे पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आत्याची चिठ्ठी निघाली नाही. मी मनातल्या मनात आमच्या मारुतीला बरंच काही कबूल केलं होतं, तरी निघाली नाही.

आत्या दारात होती. तिने लांबूनच पाहिलं आणि आत वळून सुनेला काहीतरी सांगितलं, म्हणजे चहा टाकायला. मी मान खाली घालून चालत राहिलो.

"काय रं," मागून आवाज आला, "शिकल्यावर आत्याचं दार दिसंना व्हय? हितं मानसं बसल्याती की."

माझी पावलं अडखळली. माझ्या मागे मॅडम होत्या, टॉवेल डोक्यावर घेतलेल्या, घामाने डबडबलेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "चल." मी गेलो. जन्मात मी एवढा लांब रस्ता चाललो नाही, आणि तो गल्लीच्या टोकापर्यंतच होता.

आत्या माझ्याशी बोलायची बंद झाली. नुसती बंद नाही, जाहीर बंद. माझ्या बहिणीच्या लग्नात तिने सगळ्यांना विचारलं, नवरदेवाच्या मित्रांना विचारलं, वाजंत्र्यांना जेवलात का विचारलं, आणि मी समोर पाण्याचा जग घेऊन उभा असताना शेजारणीला म्हणाली, "जरा पानी मिळंल का बगा कुटं." चुलतेही माझ्याशी तुटक झाले, पण त्यांचा राग एका बोकडाच्या जेवणात मावला. आत्याचा मावला नाही.

मॅडम त्यानंतर दर उन्हाळ्यात नव्या मुलांना घेऊन काठच्या गावांतून फिरत राहिल्या. मधे मुलाखत झाली आणि बढती दुसऱ्या कुणाला मिळाली. मी एम.ए.ला गेलो तरी त्यांच्या बी.ए.च्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसत असे, कारण एम.ए.त आम्हाला नोट्स मिळत होत्या. एक दिवस त्या आल्या, त्यांनी फळ्याच्या कोपऱ्याकडे बघितलं आणि टॉवेलने तो प्रश्न पुसला.

"उत्तर आलं," त्या म्हणाल्या. "तेच आलं. नातं असो नसो, जमिनी सारख्या असल्या की भागी टिकते."

पहिल्या बाकावरच्या मुलांनी ते लिहून घेतलं. मी मागे ताडकन उभा राहिलो. मला राग आला होता, आणि राग आला की माझी सगळी प्रमाण भाषा जाते. "म्हंजी आधीचंच बरोबर हुतं? मंग हे सगळं कशापायी केलं, मॅडम? तुमची बढती गेली, माझी आत्या गेली."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "तेव्हा उत्तर बरोबर होतं," त्या म्हणाल्या, "पण ते मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

मी खाली बसलो. हे वाक्य मला कळायला बरीच वर्षं लागली, आणि कळलंय असं म्हणायची अजून भीती वाटते, कारण पुढचा प्रश्न ठरलेला आहे.

लेख पुढे छापून आला, पण तोवर त्याचा त्यांना काही उपयोग उरला नव्हता. त्या होत्या त्याच पदावरून निवृत्त झाल्या. मी आता एका तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, म्हणजे वर्गात उभा राहून बोलतो. लहानसं काहीतरी संशोधनही करतो आणि त्यात कुठे चुकलो ते पोरांना सांगतो. पोरांना ते फार आवडतं. माझ्याकडे सांगण्यासारखं भरपूर असतं. नोट्स मीही देत नाही. त्यामागे तत्त्व किती आणि आळस किती, हे अजून तपासलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मॅडमचा फोन आला. "तुझ्या आत्या आहेत ना रे?"

"आहेत की. माझ्याशी बोलत नाहीत, त्यावरून तब्येत चांगली असावी."

"मला त्यांच्याकडे जायचंय. चल."

आम्ही सोलापूरहून गाडीने जेऊरला उतरलो आणि पुढे रिक्षाने गेलो. मॅडम थकल्या होत्या, पण खांद्यावर टॉवेल होताच. आत्या दारातच बसली होती, आता पाठीत वाकलेली. तिने मॅडमना बरोबर ओळखलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तवा आमच्या दारावरनं गेलासा," आत्या म्हणाली. "चा टाकल्याला व्हता. ओतून द्यावा लागला."

"तेव्हा तुमची चिठ्ठी निघाली नव्हती," मॅडम म्हणाल्या.

"आन् आज निघाली व्हय?"

"आज चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत. सरळ तुमच्याकडे आले."

आत्याने हाताने ओट्यावरची धूळ झटकली, मॅडमना बसायला जागा केली आणि गुडघ्यावर हात देत उठून आत गेली. सुनेला नाही सांगितलं, स्वतः गेली. आतून आलं ठेचल्याचा आवाज आला.

आत्या बाहेर आली. हातात एकच कपबशी होती. ती तिने मॅडमच्या हातात दिली, समोर बसली आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलली.

"तुजी चिट्टी न्हाय निगाली."

मॅडम एवढ्या हसल्या की त्यांना टॉवेल तोंडाला लावावा लागला. मग त्यांनी अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी माझ्याकडे सरकवली. आत्या बघत होती, पण काही म्हणाली नाही.